गाणं कापून बघा, मग परीक्षण लिहा

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय. त्या गावातल्या साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहितात, साधा प्रेमाचा नाहीतर मारामारीचा सिनेमा असला की जमतं, पण हिंदीतला तो मिश्र प्रकार आला, म्हणजे खून पण आहे, विनोद पण आहे, हिरो-हिरोइनचं जुळतंय पण आणि वर पाच-सहा गाणी, की हात अडतो. मागच्या वेळी त्यांनी सस्पेन्सला 4 स्टार, कॉमेडीला 3, गाण्यांना 2 अशी वाटणी केली आणि खाली लिहिलं, "मध्यंतरानंतरची गाणी वेग मारतात. काकांचं काम करणाऱ्या नटाने शेवटी कमाल केली आहे." दुसऱ्या दिवशी लोकांनी धरलं, ताई तुम्ही तर खुनी सांगून टाकला. त्यांचं म्हणणं, मी काहीच सांगितलं नाही, मग लिहायचं तरी कसं?

ताई, जळगावात बसून मी 27 वर्षं हेच काम करतोय, आधी पेपरच्या पुरवणीत आणि आता मोबाईलवर, आणि या एका प्रकाराने मला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कुठल्या सिनेमांनी शिकवलं नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन वाचा.

आधी लहानपणचं एक सांगतो. सारंगखेड्याची यात्रा, दत्तजयंतीचा सुमार, तापीकाठची थंडी, आम्ही पोरं गोणपाट घेऊन तंबूच्या टॉकीजमध्ये खाली बसलेलो. खुनाचा हिंदी सिनेमा होता. यात्रेत एका रात्रीत दोन-तीन खेळ उरकायचे असायचे, मग ऑपरेटर वेळ वाचवायला गाण्याचं रीळच गाळायचा, 35 एमएमचं हजार फुटी रीळ म्हणजे साधारण 11 मिनिटं, दोन गाळली की पुढचा खेळ वेळेवर. त्या रात्री त्याने मधलं एक गाळलं. कोणाला काही वाटलं नाही, गाणं गेलं तर गेलं. पण शेवटी खुनी समोर आला आणि अख्खा तंबू गप्प. टाळी नाही, शिट्टी नाही. मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "हाऊ कथाईन उना रे भो?" हा कुठून आला? आणि खरंच, आम्हालाही कळेना की हा माणूस आधी होता कुठे.

पुढे काही वर्षांनी धुळ्याला तोच सिनेमा पूर्ण बघायला मिळाला तेव्हा उलगडा झाला. गाळलेल्या रिळात पार्टीचं गाणं होतं. हिरोइन नाचतेय, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि मागे जिन्यावर तो माणूस दोनदा दिसतो, पहिल्यांदा हातात काठी आहे, दुसऱ्यांदा नाही. एवढंच. पण तेवढ्यावर सगळा शेवट उभा होता.

तेव्हापासून माझी हीच कसोटी आहे, मी तिला ऑपरेटरची कात्री म्हणतो. प्रत्येक गाणं, प्रत्येक हसवायचा सीन, प्रत्येक प्रेमाचा प्रसंग मनातल्या मनात कापून बघायचा आणि विचारायचं, आता रहस्याचं काय झालं? काहीच झालं नाही तर तो तुकडा वरून चिकटवलेला. आणि शेवटाचा अर्थच लागेना झाला तर समजायचं की दिग्दर्शकाने काम केलंय. म्हणून ती स्टारची वाटणी मला पटत नाही ताई. गाणं चांगलं की वाईट हे रेडिओवर ऐकून पण सांगता येतं, परीक्षणात सांगायचं असतं ते गाणं या खुनाच्या गोष्टीत काय करतंय ते.

आता 'तीसरी मंज़िल' घ्या, 1966 चा, नासिर हुसैन यांची निर्मिती, विजय आनंद यांचं दिग्दर्शन, संगीत आर. डी. बर्मनचं. मसुरीच्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून एक मुलगी पडून मेलीय आणि तिची बहीण सुनीता, म्हणजे आशा पारेख, त्या हॉटेलातल्या रॉकी नावाच्या ड्रमरला धडा शिकवायला निघालीय. शम्मी कपूरच तो रॉकी, पण हे तिला माहीत नाही. त्याला मात्र कळलंय की ही आपल्याच शोधात आहे, म्हणून तो दुसऱ्या नावाने तिच्या मागेमागे फिरतोय. बस, हे एकच खोटं आहे सगळ्या सिनेमात. आता बघा त्या खोट्यातून काय काय निघतं. तो पकडला जाता जाता सुटतो, आपण हसतो, ही झाली कॉमेडी. ज्याचा तिला राग आहे त्याच्याच ती प्रेमात पडतेय, हा झाला रोमान्स. आणि ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी काय, आणि मुळात त्या मुलीला ढकललं कोणी, हा सस्पेन्स. गाणीसुद्धा दोन जातीची आहेत, 'ओ हसीना जुल्फोंवाली' स्टेजवरचा रॉकी गातो, हेलन त्या भल्यामोठ्या डोळ्याच्या सेटमधून बाहेर येते आणि सगळा झगमगाट, तर 'दीवाना मुझसा नहीं' हा बाहेर मोकळ्यावर तिच्यासाठी गाणारा वेगळाच माणूस. एका नटाने दोन माणसं गाण्यातून उभी केलीयत. मग यात कॉमेडीला किती, रोमान्सला किती असे स्टार वाटणार कसे? एकाच विहिरीचं पाणी आहे, पाट चार काढलेत.

परीक्षण लिहिताना मी सगळ्यात आधी हीच विहीर शोधतो. सिनेमात असं एक खोटं, एक लपवणूक आहे का जिच्यातून हसू आणि भीती दोन्ही निघतायत? असेल तर परीक्षणाचं पहिलं वाक्य तिथून सुरू करा, वाचकाला लगेच कळतं सिनेमा कसा आहे.

गाण्यांबद्दल जरा जास्त लिहितो कारण आपल्याकडे सगळ्यात आळशी वाक्य गाण्यांबद्दलच लिहिलं जातं, "गाणी कथेत अडथळा आणतात" हे. बघा, सस्पेन्समधलं गाणं दोन प्रकारचं असतं, एक जे सिनेमातली माणसं ऐकतात आणि एक जे फक्त आपण ऐकतो. पहिला प्रकार फार जुना आणि फार ताकदीचा आहे. 'महल', 1949, खेमचंद प्रकाश यांचं संगीत, त्यात 'आएगा आनेवाला' हे गाणं हिरोला ऐकू येतं आणि तो त्या आवाजामागे जातो. मग 1962 चा 'बीस साल बाद', हेमंत कुमार निर्माते पण तेच आणि संगीतकार पण तेच, 'कहीं दीप जले कहीं दिल'. मग 1964 चा 'वो कौन थी', मदन मोहन, 'नैना बरसे'. या सगळ्यांत ती चाल म्हणजे एक पात्रच आहे, दिसत नाही पण येते, जाते, बोलावते. असं गाणं असेल तर परीक्षणात बघायचं की चाल पुन्हा येते का, आणि पुन्हा येते तेव्हा तिचा अर्थ बदललाय का. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा आला आणि शेवटी कोण गात होतं हे कळल्यावर तीच चाल केविलवाणी वाटली, तर ते गाणं कामाचं. नुसतं सारखं सारखं वाजवलं तर तो घाबरवायचा भोंगा.

दुसरा प्रकार, फक्त आपल्यासाठी असलेलं गाणं, त्यात जास्त सिनेमे फसतात. खून झालाय, पोलीस दारात आहेत, आणि एकदम दोघं बर्फात नाचायला लागतात. तिथे वेग मेला हे खरंच. पण तरी लगेच शिक्का मारू नका, कात्री चालवून बघा. कधी कधी दिग्दर्शक मुद्दाम तिथे गाणं ठेवतो, कारण आत्ताच जो पुरावा दाखवला तो तुम्ही पाच मिनिटांत विसरावा ही त्याची इच्छा असते. आणि गाण्याशिवाय सिनेमा म्हणजे जास्त खरा सस्पेन्स असं पण नाही बरं का. बी. आर. चोप्रांचा 'कानून', 1960, त्यात गाणं नाही, यश चोप्रांच्या 1969 च्या 'इत्तेफाक' मध्ये नाही, दोन्ही उत्तम, पण ते मुळात घट्ट बांधलेले आहेत, एक कोर्टात रंगतो, दुसरा एका घरात आणि जवळजवळ एका रात्रीत. त्यांच्या मापाने 'तीसरी मंज़िल' मोजला तर दोघांवर अन्याय.

रोमान्सचं आता. याबाबत आपल्या मराठीतलंच उदाहरण घ्या, राजा परांजपे यांचा 'पाठलाग', 1964, काशिनाथ घाणेकर आणि भावना. त्याच्यावरूनच हिंदीत राज खोसलांनी 1966 ला 'मेरा साया' केला, साधना आणि सुनील दत्त. बायको नवऱ्याच्या डोळ्यांसमोर वारलीय, आणि पोलिसांनी पकडलेली एक बाई हुबेहूब तिच्यासारखी दिसते आणि म्हणते मीच तुझी बायको. आता ती हे सिद्ध कशाने करणार? दोघांमधल्या खासगी आठवणींनी. म्हणजे इथे प्रेमाचा प्रत्येक प्रसंग हा कोर्टातला पुरावा आहे! फ्लॅशबॅकमधली लाडीगोडी बघताना आपण एका डोळ्याने सुखावतो आणि दुसऱ्या डोळ्याने तपासतो, की हे तिसऱ्या कोणाला माहीत असू शकतं का. मराठीत 'या डोळ्यांची दोन पाखरे' आणि हिंदीत 'तू जहां जहां चलेगा', दोन्ही गाणी तेच सांगतात, मी तुझा पिच्छा सोडणार नाही. प्रेमाचं वचन म्हणून ऐकलं तर गोड, मेलेल्या बाईच्या तोंडी ऐकलं तर भीती. एकच ओळ, दोन चवी. मी आजही नवीन कोणी लिहायला लागलं की सांगतो, आधी 'पाठलाग' बघ, मग 'मेरा साया' बघ आणि कुठलं गाणं कुठे ठेवलंय ते वहीत लिही.

रोमान्सचं दुसरं काम म्हणजे आपला संशय वळवणं. हिरोइन ज्याच्यावर जीव टाकते त्याच्यावर आपण संशय घेत नाही, आणि जो तिच्यावर एकतर्फी मरतो त्याच्यावर लगेच घेतो. चांगला दिग्दर्शक या सवयीवरच खेळतो. परीक्षणात एवढं लिहिलं तरी चालतं, की "प्रेमकथा आपल्याला एका बाजूला बघायला लावते". कोणत्या बाजूला ते लिहायचं नाही.

कॉमेडीचं थोडक्यात सांगतो, कारण नियम तोच. हसणारा माणूस बेसावध असतो. म्हणून वस्तादलोक पुरावा विनोदाखाली पुरतात. राजा नवाथे यांच्या 'गुमनाम' मध्ये, 1965 चा, अगाथा ख्रिस्तीच्या गोष्टीवरून उचललेला, मेहमूद त्या हवेलीतला खानसामा आहे, 'हम काले हैं तो क्या हुआ' म्हणून लोकांना लोळवतो, पण तोच त्या घरातला एकटा माहितगार माणूस आहे हे विसरू नका, हसताना पण मनात राहतं की याला काय काय माहीत असेल. 'बीस साल बाद' मध्ये असित सेन तो संथ बोलणारा गोपीचंद जासूस. याउलट 80-90 च्या दशकातल्या किती सिनेमांत कॉमेडीचं वेगळंच दुकान असायचं, एक मामा, एक नोकर, त्यांचं मूळ गोष्टीशी काही देणंघेणं नाही. तिथे बिनधास्त लिहा, कात्री लावली तरी चालली असती.

'भूलभुलैया' बद्दल लोक भांडतात, 2007 चा प्रियदर्शनचा, मूळ 1993 चा मल्याळम 'मणिचित्रताळु'. पूर्वार्धात विनोद फार आहे हे मलाही तेव्हा खटकलं होतं आणि मी तसं लिहिलंही. नंतर पुन्हा पाहिला तेव्हा कळलं की तो विनोद बहुतेक सगळा त्या बंद खोलीच्या भीतीतूनच येतोय, घरातले लोक घाबरतात आणि आपण त्यांच्या घाबरण्याला हसतो, मग उत्तरार्धात आपलं हसूच अंगाशी येतं. आणि 'मेरे ढोलना' काढून टाका, शेवट उरतच नाही. म्हणजे मी घाईत लिहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात तसं छापायला हवं होतं, ते राहिलं, याची आजही चुटपूट आहे.

आणि या सगळ्याचं अलीकडचं सगळ्यात बारीक काम बघायचं असेल तर श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन', 2018, आणि तोही पुण्यात घडणारा. आयुष्मान खुरानाचा पियानोवाला एका घरी वाजवायला जातो, नटाच्या घरी, अनिल धवन आहेत त्यात आणि त्यांच्याच जुन्या सिनेमातली गाणी वापरलीयत. तो वाजवतोय आणि त्याच खोलीत एक प्रेत आहे. घरातले दोघं ते हलवतायत, तोंडातून शब्द काढायची सोय नाही, नुसत्या खाणाखुणा, आणि पियानो चालूच. त्या सीनमध्ये पियानो हेच पार्श्वसंगीत, पियानो हेच त्याचं लपण्याचं साधन आणि पियानो थांबला तर संपलं. आपण हसतोय की श्वास रोखलाय हे आपल्यालाच कळत नाही. मी हा सीन डोळे मिटून नुसता ऐकला, मग आवाज बंद करून नुसता बघितला. आवाज बंद केला की मूकपटातली फजिती वाटते. नुसता ऐकला की एक मैफल. दोन्ही एकत्र आले की भीती. तुमच्या सिनेमातला एखादा सीन असा दोनदा तपासून बघा, घरी मोबाईलवर सहज जमतं, आणि त्यावर एक परिच्छेद लिहा, स्टारपेक्षा वाचकाला त्यातून जास्त कळेल.

आता तुमचा खरा त्रास, रहस्य फुटण्याचा. माझ्याकडून पण एकदा घडलंय. सुरुवातीच्या वर्षांत एका परीक्षणात मी एका अभिनेत्रीबद्दल लिहिलं, "वेगळ्या छटेची भूमिका तिने ताकदीने पेलली". मला वाटलं किती जपून लिहिलं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर एक रिक्षावाले काका भेटले, पेपर घडी करून खिशात होता, म्हणाले, "काय भो, बठ्ठं सांगी दिन्हं तू." म्हणजे सगळंच सांगून टाकलंस. रविवारचं तिकीट काढून ठेवलं होतं त्यांनी, घरच्या चौघांचं. मला काही बोलता आलं नाही. तेव्हा कळलं की खुन्याचं नाव लिहिलं नाही म्हणजे रहस्य राखलं असं होत नाही. कौतुकातून फुटतं. "शेवटी कमाल" यातल्या "शेवटी" या एका शब्दातून फुटतं, तुमचं नेमकं तेच झालंय ताई. 1997 च्या एका सिनेमाचं तर पुढे मिळालेल्या पुरस्काराच्या नावातूनच फुटलं, सिनेमाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, कोणीतरी अजून बघायचं राहिलं असेल.

माझी रीत सांगतो. पहिल्या 20-25 मिनिटांत जे घडतं तेवढंच कथेत सांगायचं, त्यापुढचं नाही. नटांचं कौतुक करायचं तर तीन-चार जणांचं एका दमात आणि सारख्याच शब्दांत करायचं, म्हणजे बोट कोणा एकावर जात नाही. पुनर्जन्म, जुळी भावंडं, मेलेला परत येणं असले शब्द निघत असतील तर परीक्षण पुन्हा लिहायचं. आपल्याकडचे प्रेक्षक फार हुशार आहेत, नावाजलेला नट दोनच सीनमध्ये दिसला की मागून आवाज येतो "एवढा मोठा माणूस उगाच नाही घेतला", त्यांना इशारा पुरतो. आणि सिनेमा 60 वर्षं जुना असला तरी मी शेवट सांगत नाही, वर एवढे सिनेमे आले, एकाचाही खुनी सांगितला नाही. कॉलेजच्या पोरांसाठी 'ज्वेल थीफ' आजच लागलेला सिनेमा असतो.

बघताना वही जवळ ठेवा. पानाच्या डाव्या बाजूला मी वेळ लिहितो, उजवीकडे फक्त हॉलमध्ये काय झालं ते. "गाणं 2, पंधरा-वीस लोक बाहेर गेले." "हसले पण लगेच गप्प." "बायकांच्या बाजूने चुकचुक." अंधारात अक्षर वेडंवाकडं येतं पण घरी आल्यावर हे पान सोन्यासारखं असतं, कारण तुमचं मत काहीही असो, जिथे लोक पान खायला उठले तिथे सिनेमा सैल होता, आणि गाणं असूनही कोणी उठलं नाही तर त्या गाण्यात काहीतरी होतं. भुसावळला एकदा एका गाण्याला अख्खी बाल्कनी जागेवर होती, मला गाणं मुळीच आवडलं नव्हतं, दुसऱ्यांदा जाऊन बघितलं तेव्हा लक्षात आलं की हिरो गाता गाता दाराकडे बघतोय आणि दार हळूहळू उघडतंय, लोक दार बघत होते. दुसऱ्यांदा बघणं म्हणूनच गरजेचं आहे या प्रकारात. पहिल्यांदा आपण फसायला जातो, दुसऱ्यांदा फसवलं कसं ते बघायला.

मोबाईलवर बघणाऱ्यांसाठी एक ओळ हल्ली मी नेहमी टाकतो. पूर्वी कात्री एकट्या ऑपरेटरकडे होती, आता प्रत्येकाच्या बोटात आहे, गाणं आलं की सरकवलं पुढे. पण "दुसरं गाणं पळवू नका" असं लिहिलंत तर तोच पुरावा झाला, लोक त्या गाण्यात डोळे घालून बसणार. म्हणून "एकही गाणं पळवू नका" असं लिहा. नाहीतर "गाणी पळवली तरी चालतील" असं स्पष्ट लिहा, जसं असेल तसं. वासन बाला यांच्या 'मोनिका, ओ माय डार्लिंग' बद्दल, 2022 चा, मी पहिलंच लिहिलं होतं, गाणी जुन्या 70 च्या वळणाची आहेत, अचिंत ठक्करचं संगीत, ती वगळलीत तर खुनाखुनीत हसायचं की नाही हेच कळणार नाही, कारण सिनेमाचा सूरच ती गाणी लावून देतात.

आता तुमची ती दोन वाक्यं मी कशी लिहिली असती ते देतो, तुम्ही सांगितलेल्या गोष्टीवरूनच: "मध्यंतरानंतर तीन गाणी आहेत. त्यातलं लग्नघरातलं गाणं गोष्टीचं ओझं उचलतं, बाकी दोन नसती तरी चाललं असतं, आणि तिथेच लोक उठून बाहेर जात होते. घरातल्या मोठ्यांची कामं करणारे चौघंही नट विश्वासू वाटतात, आणि या सिनेमाला तेच हवं आहे." यात काका पण आले आणि काका फुटले पण नाहीत. लग्नघरातलं गाणं खरंच ओझं उचलतं का ते मात्र तुम्ही पुन्हा बघून ठरवा, मी सिनेमा अजून पाहिलेला नाही, या शनिवारी जळगावात लागतोय, तोपर्यंत मला शेवट सांगू नका.